चषक आणि संघटना : मँचेस्टर युनायटेडचा १९०८-०९चा हंगाम

इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधील पहिल्या श्रेणीची १९०८-०९ या हंगामाअखेरची गुणतालिका पाहिली, तर मँचेस्टर युनायटेड या क्लबचे नाव वीस क्लबांत तेराव्या क्रमांकावर आढळते. प्रत्येक क्लबने इतर एकोणीस क्लबांशी एकदा स्वतःच्या आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळायचे, विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण मिळायचा, अशी त्या काळच्या साखळी स्पर्धेची रीत होती. त्यानुसार झालेल्या ३८ सामन्यांपैकी युनायटेडने १५ जिंकले, ७ बरोबरीत सोडवले, १६ गमावले आणि त्यांच्या पदरी ३७ गुण पडले. आदल्याच वर्षी ५२ गुण मिळवून आणि दुसऱ्या क्रमांकाच्या क्लबला नऊ गुणांनी मागे टाकून पहिल्यांदा लीग जिंकणाऱ्या संघाची ही घसरण मोठी होती. तरीही त्या क्लबच्या पूर्वेतिहासात या हंगामाइतका महत्त्वाचा हंगाम दुसरा सापडत नाही. कारण याच हंगामाच्या अखेरीस युनायटेडने इंग्लंडची सर्वांत जुनी बाद फेरीची स्पर्धा, म्हणजे एफ.ए. चषक, प्रथमच जिंकली आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांच्या आतच चषक जिंकणारे हेच खेळाडू आपली कामगार संघटना सोडण्यास नकार दिल्यामुळे खेळातून बाद ठरवले गेले. क्लबांच्या इतिहासग्रंथांत चषकाची हकीकत एका प्रकरणात आणि संघटनेची दुसऱ्या, बहुधा बऱ्याच लहान, प्रकरणात सांगितली जाते. वास्तविक या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. चषकाने मिळालेला लौकिक पाठीशी नसता, तर इतर क्लबांतील शेकडो खेळाडूंनी माघार घेतल्यावर एकट्या मँचेस्टरच्या संघाला टिकून राहणे अवघड गेले असते.

या क्लबचा जन्मच कामगारांच्या वस्तीत झाला होता. लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वे या कंपनीच्या न्यूटन हीथ येथील डबे बांधण्याच्या विभागातील कामगारांनी १८७८ साली ‘न्यूटन हीथ’ याच नावाने हा क्लब सुरू केला. १८९२ मध्ये त्याला फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला आणि पुढच्याच वर्षी तो क्लेटन भागातील बँक स्ट्रीट या मैदानावर खेळू लागला. या मैदानाभोवती रासायनिक कारखाने होते, त्यांच्या धुरात सामने चालत आणि पाहुण्या संघांना तेथे खेळणे नकोसे वाटे. खालच्या श्रेणीत घसरलेला आणि कर्जात बुडालेला हा क्लब १९०२ च्या आरंभी दिवाळखोरीच्या टोकाला पोहोचला, तेव्हा जॉन हेन्री डेव्हिस या बिअर गाळणाऱ्या श्रीमंत उद्योजकाने आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी पैसा घालून तो सावरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्लबने मँचेस्टर युनायटेड हे नाव घेतले. १९०३ मध्ये आलेला अर्नेस्ट मँगनल हा सचिव क्लबचा पत्रव्यवहार आणि संघाची बांधणी अशी दोन्ही कामे पाहत असे, कारण आज ज्याला व्यवस्थापक म्हणतात त्याचे पद तोवर सचिवपदापासून पुरते वेगळे झाले नव्हते. त्याच्या कारकिर्दीत युनायटेड १९०६ साली पुन्हा पहिल्या श्रेणीत आला.

मैदानाबाहेरची परिस्थिती समजून घेतल्याखेरीज पुढील संघर्षाचे मर्म कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांविषयीच्या कायद्यांनी कापडगिरण्यांतील शनिवारचे काम दुपारी लवकर थांबवण्याची सक्ती केली आणि उत्तर इंग्लंडच्या गिरणी-कामगाराला आठवड्यातून एक मोकळी दुपार मिळाली. शनिवारी दुपारी खेळला जाणारा, सहा पेन्स देऊन पाहता येणारा फुटबॉलचा सामना हे त्या मोकळ्या दुपारचे अपत्य होते. बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड या हिशेबाने सहा पेन्स म्हणजे पौंडाचा चाळिसावा भाग. कामगाराला परवडेल, पण हजारोंनी गोळा झाल्यास क्लबची तिजोरी भरेल, असा हा दर होता. पैसे घेऊन खेळण्याला फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे इंग्लंडमधील खेळाचे नियम ठरवणाऱ्या सर्वोच्च संस्थेने, १८८५ साली नाइलाजाने मान्यता दिली आणि १८८८ मध्ये बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली. असोसिएशनचे पुढारी बहुतेक करून वरच्या आणि मध्यम वर्गातले होते, तर मैदानावरचे खेळाडू खाणींतून, गिरण्यांतून आणि रेल्वेच्या कारखान्यांतून आलेले होते. खेळ हा चारित्र्य घडवण्याचे साधन आहे असे मानणारे आणि खेळावर घर चालवणारे यांच्या दृष्टीत जे अंतर होते, ते १९०९ साली उघड्यावर आले.

व्यावसायिक खेळाडूला दोन बंधनांनी जखडले होते. पहिले बंधन नोंदणीचे. खेळाडूची नोंद एकदा एखाद्या क्लबकडे झाली, की करार संपल्यानंतरही त्या क्लबच्या संमतीवाचून त्याला लीगमधील दुसऱ्या क्लबकडे जाता येत नसे. क्लबला वाटल्यास तो त्याला ठेवून घेई, वाटल्यास दुसऱ्या क्लबकडून रक्कम घेऊन त्याची बदली करी, आणि त्या रकमेवर खेळाडूचा काहीही हक्क नसे. फेब्रुवारी १९०५ मध्ये मिडल्सब्रोने संडरलँडकडून आल्फ कॉमन याला घेण्यासाठी एक हजार पौंड मोजले, तेव्हा माणसाची अशी किंमत व्हावी काय, यावर वृत्तपत्रांतून चर्चा झाली. परंतु ज्या माणसाची किंमत होत होती त्याला तिच्यातले काय मिळाले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. दुसरे बंधन वेतनाचे. १९०१ पासून अमलात आलेल्या नियमानुसार कोणत्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन देता येत नसे आणि सामना जिंकल्याबद्दलचे बक्षीसही निषिद्ध होते. कुशल कारागिराच्या तेव्हाच्या मजुरीशी तुलना केली तर चार पौंड ही रक्कम चांगली होती, हे मान्य करावे लागते. पण कारागिराचे हात साठाव्या वर्षापर्यंत चालत, फुटबॉलपटूचे पाय बहुधा पस्तिशीच्या आतच थकत, आणि ज्याला पाहायला तीस-चाळीस हजार लोक येत त्याला व राखीव संघातून नुकत्याच आलेल्या पोराला एकाच मर्यादेत बसवण्यात न्याय नव्हता. लहान क्लब मोठ्यांच्या स्पर्धेत टिकावेत, हा या नियमामागचा सांगितला जाणारा हेतू होता. त्याचा प्रत्यक्ष परिणाम मात्र असा झाला की मोठे क्लब तो गुपचूप मोडत राहिले.

तो मोडल्याचे सर्वांत गाजलेले प्रकरण मँचेस्टरमध्येच घडले. बिली मेरेडिथ हा वेल्समधील चर्क या खाणगावचा, लहानपणी कोळशाच्या खाणीत काम केलेला उजव्या कडेचा आघाडीपटू. दातांत काडी धरून खेळण्याची त्याची सवय व्यंगचित्रकारांनी घरोघरी पोहोचवली होती. त्याच्या गोलमुळे मँचेस्टर सिटीने १९०४ चा एफ.ए. चषक जिंकला. १९०५ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाच्या अ‍ॅलेक लीक या खेळाडूला सामना सोडण्यासाठी दहा पौंड देऊ केल्याच्या आरोपावरून मेरेडिथवर बंदी आली आणि त्या प्रकरणाच्या ओघात सिटीच्या हिशेबवह्या तपासल्या गेल्या. चार पौंडांची मर्यादा सर्रास ओलांडली जात होती, हे बाहेर आले. १९०६ मध्ये असोसिएशनने सिटीच्या सतरा खेळाडूंना १ जानेवारी १९०७ पर्यंत खेळण्यास मनाई केली, त्यांना पुन्हा सिटीकडून खेळण्याचा मार्ग बंद केला आणि व्यवस्थापक टॉम मेली याला खेळाच्या कारभारातून कायमचे दूर केले. मग या खेळाडूंना मिळवण्यासाठी इतर क्लबांची एकच धावपळ उडाली. मँगनल त्यात सर्वांच्या पुढे राहिला. मेरेडिथ, सँडी टर्नबुल, हर्बर्ट बर्जेस आणि जिमी बॅनिस्टर हे चौघेही युनायटेडकडे आले. बंदी संपली त्याच दिवशी, नववर्षाच्या पहिल्या तारखेला, अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध ते मैदानात उतरले आणि टर्नबुलच्या एका गोलने युनायटेडने सामना जिंकला. या चौघांबरोबर युनायटेडमध्ये केवळ कौशल्य आले नाही. ज्यांना आपल्या श्रमाचे मोल मागितल्याबद्दल शिक्षा झाली होती, अशा माणसांचा अनुभवही आला.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये युनायटेडच्या राखीव संघाकडून सेंट हेलेन्सविरुद्ध खेळताना टॉमी ब्लॅकस्टॉक हा बचावपटू चेंडू डोक्याने मारल्यानंतर कोसळला आणि मरण पावला. चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरवण्यात आला व त्याच्या कुटुंबाला नुकसानभरपाई मिळाली नाही. मेरेडिथ आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या मनावर या घटनेचा परिणाम खोल झाला असे मानावयास जागा आहे, कारण २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात मेरेडिथच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या सभेत खेळाडूंची जी संघटना स्थापन झाली, तिच्या आरंभीच्या मागण्यांत जखमी आणि मृत खेळाडूंच्या कुटुंबांचा प्रश्न अग्रभागी होता. १८९८ मध्ये असा एक प्रयत्न होऊन गेला होता, पण ती संघटना काही वर्षांतच विरून गेली. नव्या संघटनेने नोंदणीची व वेतनाची दोन्ही बंधने उठवण्याची मागणी केली. हर्बर्ट ब्रूमफील्ड हा गोलरक्षक तिचा सचिव झाला आणि जे.एच. डेव्हिस, म्हणजे युनायटेडचाच अध्यक्ष, तिचा मानद प्रमुख. मालकानेच आपल्या कामगारांच्या संघटनेचे प्रमुखपद स्वीकारावे, हा प्रकार आज विचित्र वाटतो, परंतु वेतनमर्यादा मोठ्या क्लबांच्या श्रीमंत मालकांनाही जाचक होती, हे लक्षात घेतले की त्याचा उलगडा होतो. असोसिएशननेही सुरुवातीला संघटनेला मान्यता दिली.

१९०८ च्या वसंतात युनायटेडने लीग जिंकली, तेव्हा सँडी टर्नबुलने एकट्याने साखळीत पंचवीस गोल केले होते. लीगचा विजेता आणि दक्षिणेकडील क्लबांच्या वेगळ्या साखळीचा, म्हणजे सदर्न लीगचा, विजेता यांच्यात धर्मादाय निधीसाठी त्या वर्षी प्रथमच ‘चॅरिटी शील्ड’चा सामना ठेवण्यात आला, क्वीन्स पार्क रेंजर्सशी पहिला सामना बरोबरीत सुटल्यामुळे तो नव्या हंगामाच्या तोंडावर, २९ ऑगस्ट रोजी, पुन्हा खेळला गेला आणि युनायटेडने तो चार गोलांनी जिंकला. १९०८-०९ या हंगामाची सुरुवात अशी विजयाने झाली.

साखळी सामन्यांबद्दल मात्र विस्ताराने सांगण्यासारखे थोडेच आहे. संघाची ठेवण त्या काळच्या सर्वमान्य पद्धतीची होती : गोलरक्षकापुढे दोन बचावपटू, त्यांच्यापुढे तिघांची मध्यफळी आणि पाच जणांची आघाडी. या रचनेत मध्यफळीच्या मधोमध उभा राहणारा खेळाडू संघाचा कणा असे, कारण प्रतिस्पर्ध्याची चाल मोडणे आणि मोडलेल्या चालीतून स्वतःची उभी करणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे असत. युनायटेडमध्ये ही जागा कर्णधार चार्ली रॉबर्ट्सची होती आणि त्याच्या दोन्ही बाजूंना डिक डकवर्थ व अ‍ॅलेक बेल उभे राहत. ही त्रयी इतकी एकजीव झाली होती की पुढे तंबाखूच्या धंद्यात पडलेल्या रॉबर्ट्सने तिघांच्या आडनावांची अक्षरे जुळवून ‘डकरोबेल’ असे नाव आपल्या एका मालाला दिले. डार्लिंग्टनकडचा हा उंच, चपळ खेळाडू १९०४ मध्ये ग्रिम्सबी टाऊनकडून आला आणि १९०५ मध्ये इंग्लंडकडून तीन सामने खेळला. त्यानंतर मात्र त्याची राष्ट्रीय संघात पुन्हा निवड झाली नाही. संघटनेतील त्याच्या पुढाकाराशी याचा संबंध अनेकांनी जोडला आहे, आणि त्याच्या खेळाची तेव्हाची कीर्ती पाहता तो संबंध नाकारणे कठीण आहे. असे खेळाडू असूनही त्या वर्षी युनायटेडचा बचाव साखळीत वारंवार फुटला. ५८ गोल करणाऱ्या संघावर ६८ गोल झाले. अजिंक्यपद न्यूकॅसल युनायटेडकडे गेले आणि शहरातील प्रतिस्पर्धी मँचेस्टर सिटी खालच्या श्रेणीत ढकलला गेला.

चषकाची स्पर्धा वेगळ्या धर्तीची होती. तिच्यात चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरत आणि हरलेला संघ बाहेर पडे. साखळीतील महिनोन्‌महिन्यांच्या चुका तेथे मोजल्या जात नसत, पण एकच चूक पुरेशी असे. जानेवारी १९०९ मध्ये ब्रायटनला आणि पुढच्या फेरीत, त्या वर्षी साखळीत दुसरा आलेल्या, एव्हर्टनला युनायटेडने स्वतःच्या मैदानावर एकेका गोलने हरवले. तिसऱ्या फेरीत ब्लॅकबर्न रोव्हर्सविरुद्ध सहा गोल झाले, त्यांपैकी तीन सँडी टर्नबुलचे आणि तीन जिमी टर्नबुलचे. आडनाव सारखे असले तरी हे दोघे भाऊ नव्हते. चौथी फेरी बर्नलीच्या टर्फ मूर मैदानावर होती आणि तेथे युनायटेडचा प्रवास संपल्यातच जमा होता. दुसऱ्या श्रेणीत खेळणारा बर्नलीचा संघ एका गोलने पुढे असताना हिमवर्षाव इतका वाढला की अठरा मिनिटांचा खेळ उरला असता पंच हर्बर्ट बॅमलेट याला सामना थांबवावा लागला. नियमानुसार तो मुळापासून पुन्हा खेळायचा होता आणि दुसऱ्या खेपेला युनायटेडने तो ३-२ असा जिंकला. बर्नलीकरांना हा अन्याय वाटला यात नवल नाही. हाच बॅमलेट १९२७ मध्ये युनायटेडचा व्यवस्थापक झाला, तेव्हा त्या बर्फाची आठवण पुन्हा निघाली. उपांत्य सामना शेफील्डच्या ब्रॅमल लेनवर न्यूकॅसलशी झाला. साखळी आणि चषक ही दोन्ही विजेतेपदे एकाच वर्षी मिळवण्याच्या मार्गावर असलेल्या न्यूकॅसलला हॅरल्ड हॅल्सच्या एकमेव गोलने अडवले.

अंतिम सामना २४ एप्रिल १९०९ रोजी दक्षिण लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर झाला. १८९५ पासून चषकाचा अंतिम सामना तेथेच होत असे आणि त्या दिवशी उत्तरेकडच्या शहरांतून खास गाड्या भरून लोक राजधानीत येत. गिरण्यांच्या गावांतून आलेल्या अनेकांना लंडन दिसे ते या सामन्याच्या निमित्तानेच. त्या दिवशी सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षक जमले. प्रतिस्पर्धी ब्रिस्टल सिटीचाही नेहमीचा पोशाख लाल असल्यामुळे दोन्ही संघांना रंग बदलावे लागले आणि युनायटेडचे खेळाडू पांढऱ्या सदऱ्यावर छातीशी उतरणारी लाल इंग्रजी ‘व्ही’ची खूण लावून उतरले. गोलरक्षक हॅरी मोगर. बचावात जॉर्ज स्टेसी आणि व्हिन्स हेज. मध्यफळीत डकवर्थ, रॉबर्ट्स, बेल. आणि आघाडीला मेरेडिथ, हॅल्स, जिमी टर्नबुल, सँडी टर्नबुल व जॉर्ज वॉल असा तो संघ होता. सँडी टर्नबुल दुखापतीने त्रस्त होता. बदली खेळाडू उतरवण्याची सोय तेव्हा नव्हती, म्हणजे तो लंगडू लागला तर उरलेला सामना दहा जणांनाच खेळावा लागला असता. तरीही त्याला घ्यावे, एक गोल त्याने केला तर पुढचा भार इतर उचलतील, असा आग्रह रॉबर्ट्सने धरला. विसाव्या मिनिटानंतर थोड्याच वेळात हॅल्सचा फटका आडव्या खांबावर आदळून परत आला आणि टर्नबुलने तो जाळ्यात धाडला. सामन्यात पुन्हा गोल झाला नाही. खेळ फारसा देखणा नव्हता, पण ब्रिस्टलचा बिली वेडलॉक आणि रॉबर्ट्स, म्हणजे इंग्लंडच्या मध्यफळीतील एकाच जागेचे दोन दावेदार, समोरासमोर आले आणि त्या दिवशी रॉबर्ट्सचा संघ वरचढ ठरला.

या विजयाचा एक आनुषंगिक परिणाम नोंदवण्याजोगा आहे. चषक मँचेस्टरला आल्यावर त्याची प्रतिकृती तयार करण्यात आली, तेव्हा त्याच्या घडणीवर असोसिएशनचा कायदेशीर हक्कच नोंदलेला नाही, हे उघडकीस आले. म्हणून जुना चषक असोसिएशनचा अध्यक्ष लॉर्ड किनेर्ड याला भेट देऊन १९११ मध्ये नवा चषक घडवून घेण्यात आला. तो ब्रॅडफर्डच्या फटोरिनी या पेढीने बनवला आणि योगायोगाने पहिल्याच वर्षी ब्रॅडफर्ड सिटीनेच जिंकला.

चषकाचा जल्लोष चालू असतानाच संघटनेचा प्रश्न निर्वाणीला आला होता. १९०६ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामावर जखमी झालेल्या कामगाराला मालकाकडून भरपाई मिळण्याचा हक्क दिला होता. फुटबॉलपटू हा या कायद्याच्या अर्थाने कामगार आहे आणि त्याने आपले गाऱ्हाणे थेट न्यायालयात न्यावे, ही संघटनेची भूमिका होती. खेळातील प्रत्येक तक्रार आपल्याकडेच आली पाहिजे, ही असोसिएशनची. थोड्याच काळात क्रिस्टल पॅलेस क्लबच्या वॉकर नावाच्या खेळाडूच्या दाव्यात अपील न्यायालयाने फुटबॉलपटू कामगार असल्याचे मान्य केले, तेव्हा कायद्यापुरती तरी संघटनेची बाजू खरी ठरली. पण असोसिएशनला याहून अधिक धास्ती दुसऱ्याच गोष्टीची वाटत होती. संघटनेने ‘जनरल फेडरेशन ऑफ ट्रेड युनियन्स’ या निरनिराळ्या धंद्यांतील कामगार संघटनांच्या महासंघाशी संबंध जोडला होता. उद्या खाणकामगार संपावर गेले तर त्यांच्या पाठिंब्यासाठी फुटबॉलपटूही खेळ बंद ठेवतील, किंवा फुटबॉलपटूंसाठी इतर कामगार उभे राहतील, ही कल्पना असोसिएशनच्या पुढाऱ्यांना असह्य होती. त्यांनी मान्यता काढून घेतली, संघटनेच्या पदाधिकाऱ्यांवर बंदी घातली आणि १ जुलैपर्यंत जे खेळाडू संघटना सोडणार नाहीत त्यांची नोंदणी रद्द होईल, त्यांना वेतन मिळणार नाही, असा हुकूम काढला.

हुकुमाचा परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला. ज्याचे घर आठवड्याच्या वेतनावर चालते त्याच्यासाठी हा निर्णय सोपा नव्हता आणि देशभरातील खेळाडूंनी भराभर राजीनामे दिले. या माणसांना भेकड ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापैकी कित्येकांनी सही करताना ती मनाविरुद्ध केली, हे पुढच्या घडामोडींवरून दिसते. युनायटेडच्या खेळाडूंनी मात्र सही केली नाही. चषक जिंकणारा जवळजवळ संपूर्ण संघ १ जुलै १९०९ पासून बेरोजगार झाला. रॉबर्ट्सचे नुकसान सर्वांत मोठे होते, कारण दीर्घ सेवेबद्दल खेळाडूला ज्या सामन्याचे उत्पन्न दिले जाई तो त्याच्या नावचा सामना या वादात हातचा गेला. क्लबच्या मैदानावर प्रवेश बंद झाल्यावर ते शहराच्या दक्षिणेकडील फॅलोफील्ड येथे सराव करू लागले. १८९३ चा चषकाचा अंतिम सामना जेथे झाला होता तेच हे ठिकाण. तेथे घेतलेल्या एका छायाचित्रात खेळाडूंच्या पुढ्यातील पाटीवर त्यांनी स्वतःचे नाव ‘बहिष्कृत फुटबॉल क्लब १९०९’ या अर्थाचे लिहिलेले दिसते. बाहेरच्या क्लबांतून त्यांना येऊन मिळालेल्यांत एव्हर्टनचा टिम कोलमन ठळक होता. त्याच्या सहकाऱ्यांनी माघार घेतली असताना तो एकटा उभा राहिला, आणि सोबतीला आख्खा संघ असलेल्या मँचेस्टरकरांपेक्षा त्याचे धैर्य काकणभर अधिकच मानले पाहिजे.

ऑगस्ट उजाडला तसे पारडे फिरू लागले. नव्या हंगामाला १ सप्टेंबरला सुरुवात व्हायची होती आणि युनायटेडपुढे हौशी खेळाडू गोळा करून संघ उतरवण्याची पाळी आली होती. न्यूकॅसलचा कॉलिन वीच हा सुशिक्षित आणि समतोल बुद्धीचा खेळाडू. त्याने स्वतः राजीनामा दिला होता, परंतु संघटनेवरची निष्ठा सोडली नव्हती, आणि दोन्ही बाजूंना बोलते करण्यात त्याचा वाटा मोठा होता. इतर क्लबांतही असंतोष पसरू लागला. अखेर ३१ ऑगस्ट रोजी, पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, बर्मिंगहॅम येथील बैठकीत तडजोड झाली : संघटनेला पुन्हा मान्यता मिळाली, बंदी उठली आणि थकलेले वेतन देण्याचे ठरले. दुसऱ्या दिवशी बँक स्ट्रीटवर ब्रॅडफर्ड सिटीविरुद्ध उतरताना युनायटेडच्या खेळाडूंनी दंडावर संघटनेच्या फिती बांधल्या होत्या.

या तडजोडीला विजय म्हणावे काय, याविषयी मतभेद होणे स्वाभाविक आहे. संघटना जिवंत राहिली आणि खेळाडूंनी एकत्र येण्याचा हक्क मान्य झाला. ही मिळकत लहान नव्हे. पण त्याच शरद ऋतूत सदस्यांचे मतदान होऊन संघटनेने कामगार महासंघाशी असलेला संबंध तोडला, म्हणजे ज्या मुद्द्यासाठी मँचेस्टरच्या खेळाडूंनी दोन महिन्यांचे वेतन पणाला लावले होते तोच मुद्दा इतरांनी सोडून दिला. रॉबर्ट्स आणि मेरेडिथ या दोघांनाही हे मनस्वी झोंबले. आपण इतर श्रमिकांपैकीच आहोत ही जाणीव खाणीतून आलेल्या मेरेडिथला जितकी सहज होती, तितकी ती चार पौंडांवर समाधानी असलेल्या बहुसंख्य खेळाडूंना नव्हती, आणि संघटनेचे पुढील अर्धशतकाचे दौर्बल्य बरेचसे या एका फरकातून आले. वेतनाच्या बाबतीत थोडी सूट मात्र मिळाली : १९१० मध्ये ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर टप्प्याटप्प्याने पाच पौंडांपर्यंत वाढ देण्याची मुभा क्लबांना देण्यात आली.

क्लबचे दिवस पालटत होते. डेव्हिसने पुरवलेल्या सुमारे साठ हजार पौंडांतून आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश रचनाकाराच्या आराखड्यानुसार ओल्ड ट्रॅफर्डचे भव्य मैदान उभे राहिले आणि १९ फेब्रुवारी १९१० रोजी तेथे पहिला सामना झाला. त्यात लिव्हरपूलने युनायटेडला ४-३ असे हरवले. १९११ मध्ये युनायटेडने पुन्हा लीग जिंकली. त्यानंतर संघ पांगला. मँगनल १९१२ मध्ये सिटीकडे गेला, रॉबर्ट्सला १९१३ मध्ये ओल्डहॅम अ‍ॅथलेटिककडे पाठवण्यात आले, मात्र तो १९२१ पर्यंत संघटनेचा अध्यक्ष राहिला. अंतिम सामन्यातला गोल करणाऱ्या सँडी टर्नबुलवर १९१५ मध्ये लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याचा निकाल आधीच ठरवल्याबद्दल आजन्म बंदी आली आणि ३ मे १९१७ रोजी अरासच्या लढाईत तो मारला गेला. मेरेडिथ १९२१ मध्ये सिटीकडे परतला आणि पन्नाशीला टेकेपर्यंत खेळत राहिला.

नोंदणीच्या बंधनाला संघटनेने १९१२ मध्ये न्यायालयात आव्हान दिले. अ‍ॅस्टन व्हिलाने आपल्यावर लादलेल्या बदलीच्या रकमेमुळे आपला रोजगार बुडाला, असा हर्बर्ट किंगॅबी या खेळाडूचा दावा होता. संघटनेच्या वकिलांनी क्लबचा हेतू दुष्ट असल्याचे सिद्ध करण्यावर भर दिला आणि मूळ पद्धतच धंद्याच्या स्वातंत्र्याला बाधक आहे, हा मुद्दा बाजूला राहिला. दावा फेटाळला गेला व खर्चाने संघटना जेरीस आली. वेतनाची कमाल मर्यादा उठण्यास १९६१ साल उजाडावे लागले. नोंदणीची पद्धत १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टमच्या न्यूकॅसलविरुद्धच्या खटल्यात, तीच संघटना त्याच्या पाठीशी उभी असताना, न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी व्यवसायावरील अवाजवी निर्बंध ठरवली.